हजार ओहम

ही गोष्ट खरी आहे. रचून सांगायची असती, तर मी मध्यरात्र निवडली असती. ही घडली भर दुपारी, तीन चाळीसला, लख्ख उजेडात. घर आमचंच. आणि जिच्या बाबतीत घडली, ती माझी सख्खी थोरली बहीण.

बाबा वायरमन होते. चाळीस वर्षं त्यांनी एक नियम पाळला. कामाला हात घालण्याआधी फ्यूज काढायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा.

"बटण काय, कुणीही दाबेल. माझ्या खिशात हात कोण घालणार?"

कधी तो खिशातच राहायचा आणि ते बाहेर निघून जायचे. आई कपाळावर हात मारायची. "घरची वीज खिशात घालून फिरायला गेला हा माणूस!"

म्हणून त्यांनीच ड्रॉवरमध्ये एक जादा फ्यूज ठेवला होता.

त्या शनिवारी दुपारी तीन चाळीसला आईचा मिक्सर लागेना. ताईने बोर्ड पाहिला. फ्यूज जागेवर नव्हता. दारात बाबांच्या चपलाही नव्हत्या.

"गेले वाटतं पुन्हा," असं पुटपुटत तिने ड्रॉवरमधला फ्यूज बसवला.

चपला बाबांच्या पायातच होत्या.

बाबा न्हाणीघरात होते. दार लोटून, गिझर उघडून बसलेले.

धप्प...

ताईने फ्यूज उपसला, ड्रॉवरमध्ये फेकला आणि धावली. बाबा खाली पडले होते. एक हात अजून ओल्या नळाला धरलेला.

डॉक्टरांनी त्यांच्या खिशातला फ्यूज पाहिला. "वीज बंदच होती की. हृदय थांबलंय."

ताईने ते वाक्य बुडत्याने काडी धरावी तसं धरलं. कदाचित खरंच हृदयच असेल. कदाचित बाबांचा हात तारेला लागलाच नसेल. दुसऱ्या फ्यूजबद्दल ती कुणालाच बोलली नाही. मलाही नाही.

महिना गेला. पुढच्या शनिवारी, पुन्हा तीन चाळीसलाच, आई म्हणाली, "घरात काहीतरी चालू राहिलंय गं. मीटरचा लाल दिवा बघ."

सगळी बटणं बंद होती. फ्रिजची पिनसुद्धा काढलेली.

तरी दिवा लुकलुकत होता...

आणि थांबला.

बाबांचे कामावरचे जोडीदार दुसऱ्या दिवशी येऊन सगळं तपासून गेले. "वहिनी, मीटर ठणठणीत आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल."

त्यापुढच्या शनिवारी आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. साडेतीनला ताईने फ्यूज काढला. खिशात टाकला, बाबांसारखा. आता घरात वीज यायला वाटच नव्हती. मग तारेतला प्रवाह मोजायचा बाबांचा टाँगटेस्टर घेऊन त्याचा चिमटा तिने न्हाणीघराकडे जाणाऱ्या तारेला लावला.

शून्य.

तीन एकोणचाळीस... शून्य.

तीन चाळीस.

आत नळ ठिबकायला लागला. ताईने तो स्वतः घट्ट पिळून बंद केला होता.

टेस्टरवर आकडा उमटला. शून्य पूर्णांक तेवीस अँपिअर.

लहानपणी बाबांनी आम्हा दोघींकडून ही गणितं घोटून घेतली होती. "व्होल्टला अँपिअरने भागलं की अडथळा कळतो, ओहममध्ये. गुणलं की ताकद कळते. माणूस थापा मारेल, आकडा नाही मारत."

ताईने बाबांची वही ओढली. गणित सुटलं.

घरची वीज दोनशे तीस व्होल्टची. दोनशे तीस गुणिले शून्य पूर्णांक तेवीस. त्रेपन्न वॅटपेक्षा जरासं कमी. एखाद्या साध्या बल्बएवढं.

मग तिने भागाकार केला.

दोनशे तीस भागिले शून्य पूर्णांक तेवीस.

हजार.

बरोब्बर हजार ओहम.

पेन तिच्या हातातून गळलं. हे उत्तर बल्बचं असतं, इस्त्रीचं असतं, तरी तिला चाललं असतं. पण हजार म्हटलं की आम्हा दोघींना एकच गोष्ट आठवायची. बाबांनी आमचे ओले हात पुसत शंभरदा सांगितलेली.

"कोरडा माणूस लाख ओहमचा, पोरींनो. ओला झाला की हजाराचा."

आकडा शून्यावर आला. नळ थांबला.

न्हाणीघरात कुणी नव्हतं. गिझर कधीच काढून टाकला होता. भिंतीतून पट्टी गुंडाळलेल्या दोन तारा लोंबत होत्या. फरशी कोरडी होती.

फक्त नळाची मूठ ओली होती...

आणि कोमट.

ताई वळली, तर मागे आई उभी. तिने आधी वहीकडे पाहिलं, मग ताईच्या खिशाकडे.

"त्या दिवशी मिक्सर लागला होता," आई म्हणाली. "घुर्र झाला आणि बंद पडला."

"आई..."

"तू सांगशील म्हणून थांबले होते गं."

त्या संध्याकाळी ताईने मला फोन करून सगळं सांगितलं. मी तशीच निघाले. ताईनंतर वही पहिल्यांदा मीच उघडली.

ताईच्या भागाकाराखाली तांबड्या पेन्सिलीची एक बुटकी खूण होती. उत्तर बरोबर आलं की बाबा करायचे, तशीच. ती पेन्सिल कायम त्यांच्या कानामागे असायची. त्यांच्याबरोबरच गेली ती. चितेवर मीच ठेवली होती.

ताईला मी म्हणते, बाबा बरोबर उत्तरावर कधी रागावले का? ती ऐकून घेते. आता ती ओल्या हातांनी कशालाच शिवत नाही. पाण्याच्या पेल्यालाही नाही.

वही माझ्याकडे आहे.

एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. बरोबरची खूण केली, की बाबा पान उलटून पुढचं गणित घालायचे.

ते पान मी अजून उलटलेलं नाही.