तुर्रुचा खरा शेवट

"लाव ना बे लवकर!"

"थांब गा, टीव्ही गरम तर होऊ दे!" अश्विन ओरडला.

"टीव्ही का भाकर आहे गरम व्हायले?" रुचितानं टोला हाणला आणि चकलीचा मोठा तुकडा कडाकड चावला.

दिवाळीची सुट्टी लागली होती. चिखल्याच्या खाण वसाहतीतली सात-आठ पोरं अश्विनच्या घरी दाटीवाटीनं बसली होती. वसाहतीत सर्वांत मोठा टीव्ही त्याच्याकडे आणि सर्वांत मोठा तोराही त्याचाच. सुगत मात्र सगळ्यांच्या पुढे होता, अगदी पडद्याला नाक लागेल इतका जवळ.

'तळ्यातला तुर्रु' हा सिनेमा उन्हाळ्यात तुमसरच्या टॉकीजमध्ये लागला, तेव्हा अर्धी शाळा तो बघून आली होती. सुगत राहिला. त्या दिवसांत त्याची आई नागपूरच्या दवाखान्यात होती आणि तिथून ती जिवंत परत आलीच नाही. तेव्हापासून सुगतनं एकच धोशा लावला होता, तुर्रु डिस्कवर कधी येणार? वसाहतीत इंटरनेटची चाल गोगलगायीची, म्हणून डिस्कचीच आस. शेवटी अश्विननं ती तुमसरच्या भैय्यालालच्या दुकानातून आणली. "आमचा डिस्क प्लेअर अडकते," म्हणून त्यानं सिनेमा पेनड्राइव्हवर उतरवूनही ठेवला. केवढा हा कामसूपणा!

आणि काय सिनेमा होता तो! तुर्रु म्हणजे सारस पक्ष्याचं पिल्लू. सगळं संगणकावर तयार केलेलं, पण वारा सुटला की तुर्रुच्या अंगावरची लव खरीखुरी थरथरायची. चिखलात पाय रुतला की असा पचकन आवाज यायचा, की आपलेच पाय पुसावेसे वाटावेत. वादळात तुर्रुची आई हरवते. तो तिला शोधत रानोरान भटकतो, मोठा होतो, उडायला शिकतो. एका बेडकानं त्याच्या चोचीवर बसून भाषण ठोकलं, तेव्हा सुगत खदखदून हसला. कित्येक महिन्यांत त्याला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी आई पंख पसरून धावत आली, तुर्रु तिच्या कुशीत शिरला आणि सिनेमा संपला. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला!

सुगतनं टाळी वाजवली नाही. बाकीची पोरं पांगली तरी तो पडद्याकडेच बघत होता.

"हे कसं झालं बे?" तो म्हणाला. "तुर्रु मोठा झाला होता ना? लव झडून पिसं आली होती. मंग आई आली तवा हा पुन्हा एवढासा कसा?"

"सिनेमा आहे गा, चालते तेवढं!" अश्विन घाईघाईनं म्हणाला.

"काहून चालते? एकेक पीस वेगळं हलवणारे लोक एवढी मोठी चूक करतीन?"

"तू लईच बारीक पाहून राहिला," रुचिता म्हणाली. "चकली खा."

"त्या दुकानदारानं नकली माल दिला!" सुगत ताडकन उठला. "डिस्क दे, अश्विन. उद्या तुमसरले जाऊन त्याले जाब विचारू!"

"डिस्क... कुठं ठेवली, आठवून नाही राहिली."

रुचिता आणि अश्विननं एकमेकांकडे पाहिलं. सुगतला ते दिसलं, पण त्याला वाटलं, दोघं भ्याली. भोळा बिचारा!

दुसऱ्या दिवशी अश्विनच्या पोटात ऐन वेळी दुखू लागलं. रुचिता सुगतबरोबर तुमसरच्या प्रवासी जीपमध्ये बसली खरी, पण सगळ्या वाटेनं तिची टकळी चालूच. "दुकान बंद असन गा." "दुकानदार मारक्या बैलासारखा आहे म्हणतात." "सुगत, परत जाऊ ना!" दोन्हीकडे कापणीला आलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे पळत होती आणि सुगत दुकानदाराला कुठले प्रश्न विचारायचे, ते मनात घोकत होता.

भैय्यालालचं दुकान तसं मोबाइलचं, एका कोपऱ्यात सिनेमांच्या डिस्क. भैय्यालाल मारका वगैरे काही नव्हता. पण 'नकली' हा शब्द ऐकताच त्याच्या मिशा फुरफुरल्या.

"नकली? माझ्या दुकानात? अरे पोरा, ही पाहा दुसरी डिस्क, तुझ्यासमोर पाकीट फोडतो! सांग, कुठून लावू?"

"शेवट लावा, काका."

"नका लावू!" रुचिता किंचाळली आणि दोन्ही हात पसरून टीव्हीपुढे उभी राहिली. "काका, पाया पडते, नका लावू!"

सुगतनं तिच्याकडे पाहिलं. काल त्या दोघांनी एकमेकांकडे का पाहिलं, अश्विनचं पोट का दुखलं, डिस्क कुठं गेली, सगळं त्याला लख्ख कळलं.

"बाजूला हो," तो हळूच म्हणाला.

पडद्यावर मोठा झालेला तुर्रु तळ्यावर उतरला. आई तिथं नव्हती. एका म्हाताऱ्या कासवानं त्याला सांगितलं, वादळातच ती गेली. तुर्रु पाण्यात बराच वेळ एकटा उभा राहिला. मग मान उंच करून त्यानं हाक मारली आणि तो दुसऱ्या सारसांबरोबर उडून गेला.

"पाहा, एक सीन कमी आहे का?" भैय्यालाल विजयानं म्हणाला, पण सुगतचा चेहरा पाहून त्यानं आवाज खाली आणला. "का झालं बेटा?"

"तुले माहीत होतं," सुगत रुचिताला म्हणाला.

"तुझ्या आजीनं सगळ्या पोराईले सांगितलं होतं," रुचिता रडू लागली. "म्हणे, पोराले आईची याद येईन. मंग अश्विननं खरा शेवट कापला अन् पहिलेचा, तुर्रु लहान असतानाचा तुकडा तिथं जोडला."

"अन् बाबा?"

रुचितानं मान खाली घातली. "त्याईलेही माहीत आहे."

दुकानदारानं फसवलं असतं, तर सुगत चार शब्द ऐकवून मोकळा झाला असता. इथं तर कुंपणानंच शेत खाल्लं होतं! आजी, बाबा, जिवाचे दोस्त, सगळे एका बाजूला आणि तो एकटा खुळ्यासारखा पडद्यासमोर बसून हसत होता. त्याला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली.

भैय्यालालनं डिस्क त्याच्या हातात ठेवली. "ने. पाहून झाली का आणून दे."

परतीच्या वाटेवर रुचिता नाक पुसत होती. सुगत मात्र बेत करत होता.

संध्याकाळी बाबा, म्हणजे परसराम, खाणीतून घरी आले तसा तो गोड आवाजात म्हणाला, "बाबा, तुर्रु लई मस्त आहे! अश्विनकडे पुन्हा पाहू ना. आजी, तूही चाल!"

पंचफुला आजीनं बाबांकडे पाहून समाधानानं मान हलवली. आपली युक्ती फळाला आली, असं त्या माउलीला वाटलं! सगळे अश्विनच्या घरी जमले. आज डिस्क सुगतनं स्वतः घातली आणि तो प्लेअरला टेकून बसला. प्लेअर कुठंही अडकला नाही. आजी बेडकाला हसली, बाबाही हसले. मग तुर्रु तळ्यावर उतरला आणि कासव बोलू लागलं.

"बंद कर गा, अश्विन!" आजी ओरडली.

"कोणी हात लावायचा नाही!" सुगत प्लेअरसमोर उभा राहिला.

तुर्रुची हाक घरभर घुमली. ती संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"आईच्या वेळीही तुमी हेच केलं!" सुगतचा आवाज फाटला. "रोज म्हणत होते, बरी होऊन राहिली, पुढच्या आठवड्यात येते. मी रोज फाटकापाशी उभा राहत होतो, बाबा! अन् एक दिवस ॲम्ब्युलन्सच आली."

"तू लहान आहेस ना रे बाबू..." आजी त्याच्याकडे हात करत म्हणाली.

"लहान आहे म्हणून खोटं बोलायचं?"

अश्विन भिंतीकडे तोंड करून उभा होता. "चुकलो बे, सुगत," तो पुटपुटला.

बाबांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "आमीच भेलो, बेटा. तू नाही भेला. तूच खरा निघाला."

"आमच्या सगळ्याईपेक्षा शहाणा आहे माझा नातू," आजी डोळे पुसत म्हणाली.

एरवी एवढ्या कौतुकानं सुगतची छाती फुगली असती. आज त्यानं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"मले शाबासकी नको. शेवटी आई काय म्हणत होती, ते सांगा. सगळं सांगा, बाबा. मधलं काही कापू नका."

बाबा त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

"तिनं तुले बोलावलं होतं," ते म्हणाले. "दोनदा बोलावलं. मीच आणलं नाही."

सुगतनं हात काढून घेतला. तो रडू लागला, पण जागचा उठला नाही.

"मंग?" त्यानं विचारलं.

आणि बाबा पुढचं सांगू लागले.