थाळीला आलेलं उत्तर

हे कोणाला सांगायचं नाही, असं माय म्हणाली आहे. मी तशीही फारशी बोलत नाही. पण तुम्ही जवळ बसलाच आहात, तर हळूच सांगते.

आमचं घर नवेगाव बांधच्या तलावाकाठी आहे. हिवाळ्यात सांजेला पाण्यावर धुकं उतरतं आणि डोंगे वाट चुकतात. मग घरची बाई काठावर काशाची थाळी वाजवते, त्या आवाजाच्या रोखाने माणूस परत येतो. डोंगा काठाला लागेपर्यंत थाळी थांबवायची नाही. आणि पाण्याकडे तोंड करून कोणाचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर पाणी ते ठेवून घेतं, असं मानतात.

माझा भाऊ रूपेशदादा, हे घडलं तेव्हा तलावावर नव्हताच. उत्तरेकडे पहाडात मोठा भूकंप झाला होता. केशोरावकाकांच्या मदत पथकाबरोबर तो तिथल्या लोकांसाठी स्वयंपाक करायला गेला होता. दुपारी काकांचा फोन आला. पुन्हा धक्का बसला, स्वयंपाक चालू होता ती शाळा कोसळली, रूपेश आत आहे.

माय रडली नाही. दिवस कलल्यावर थाळी घेऊन काठावर गेली. मी मागोमाग गेले.

“माय, तो इथं कुठं आहे? काऊन वाजवून राहिली?”

“मले दुसरं येतेच काय, नीतू?”

धुकं दाट होतं. शेवाळाचा आणि ओल्या जाळ्यांचा वास येत होता. हात भरून आला तशी मायने थाळी माझ्याकडे दिली. तेवढ्या शांततेत तलावातून आवाज आला. ठक्... दगडावर दगड आपटल्यासारखा, पाण्याखालून.

“माय...”

“चूप. वाजव.”

मी वाजवत राहिले. मधूनमधून उत्तर येत राहिलं. मग फोन वाजला.

“सापडला, वहिनी! जिवंत आहे! आतून ठोकून राहिला होता, म्हणून आम्ही तिथंच खोदलं.”

माय चिखलातच बसली आणि तेव्हा कुठे रडली.

दादा घरी आला तो दोन्ही हात प्लास्टरमध्ये घेऊन. माय त्याला घास भरवत होती.

“ढिगाऱ्याखाली थाळी ऐकू आली,” तो म्हणाला. “मले वाटलं, मेलो तरी माय जेवाले बोलावून राहिली!”

आम्ही खूप हसलो. कितीतरी दिवसांनी.

“तू ठोकलं ते आम्हीबी ऐकलं,” मी म्हणाले.

दादा हसायचा थांबला. “मी कशानं ठोकू? हात तर बीमखाली होते. बाजूला कोणीतरी ठोकत होतं. मी हाक मारली, तर बोललं नाही... मग काकानं सगळा ढिगारा उपसला. तिथं कोणीच नव्हतं.”

मायने पुढचा घास कालवला. “मी नाव घेतलं नव्हतं. आवाज कोणालेबी गेला असंल. ज्यानं माह्या पोराले वाचवलं, त्यालेबी काठाले लागू दे.”

तेव्हापासून ती रोज सांजेला थाळी वाजवते. मला भीती वाटत नाही, खरंच. दादा आत झोपलेला असतो, त्याचं घोरणं ऐकलं की बरं वाटतं. फक्त ठोके हळूहळू जवळ येत आहेत. काल ते कपडे धुवायच्या दगडापाशी आले. सकाळी त्या दगडावर सिमेंटची कोरडी धूळ होती. आणि आज मायने थाळी हातात घ्यायच्या आधीच, आमच्या मागच्या दाराच्या...

“नीतू! आणखी एक ताट वाढ व!”