सूचौमध्ये तीनदा विचारतात

शनिवारी सकाळी साडेसातला मी स्वयंपाकघरात गेले, तर एक अनोळखी मुलगा ओट्याला टेकून गरम पाणी पीत होता. नुसतं गरम पाणी. बाहेर ॲरिझोनातल्या चँडलरचं जुलैतलं ऊन, त्या वेळीच तेहेतीस अंश. आणि हा कपावर फुंकर घालत होता.

माझ्या केसांना तेल होतं आणि अंगात भोकं पडलेला टी-शर्ट. ओरडावं की आत पळावं, हे ठरेना.

"तू इला," तो म्हणाला. "मी आर्य. तू माझ्या खोलीत राहतेस."

मग उलगडा झाला. मी शैलजाकाकूंच्या घरी भाड्यानं राहते आणि माझ्या खोलीच्या भिंतीवर शाळेतल्या पोहण्याच्या शर्यतींची सात पदकं आहेत. ती याची. हा काकूंचा एकुलता एक मुलगा, चँडलरमध्येच जन्मलेला आणि वाढलेला. गेली तीन वर्षं मात्र चीनमध्ये, शांघायजवळच्या सूचौ नावाच्या शहरात नोकरी करत होता. कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात लागणारी यंत्रं बसवायची, बिघडली की दुरुस्त करायची. येणार होता रविवारी, पण चीनहून अमेरिकेत येताना एक दिवस परत मिळतो हे विसरून त्यानं काकूंना तारीख चुकीची कळवली. त्यामुळे काकू निवांतपणे टूसानला मैत्रिणीकडे गेल्या होत्या. हा कुंडीखालची किल्ली घेऊन आत आला होता.

"चहा करू तुला?" त्यानं विचारलं.

"नको नको... कशाला उगाच," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली आणि एक कप चहा केला. स्वतःसाठी. मी बघतच राहिले. आमच्या नागपूरच्या घरी "नको नको" ऐकू आलं की आधण चढतं.

तो पाच आठवडे राहणार होता. त्याचा करार संपला होता आणि कंपनीनं दोन पर्याय दिले होते: पुन्हा सूचौ, किंवा इथे चँडलरमध्येच एक जागा. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. काकू त्याबद्दल चकार शब्द काढत नसत, फक्त रोज त्याच्या आवडीचं काहीतरी करत.

मीही इथल्या एका चिप्सच्या कारखान्यात, म्हणजे फॅबमध्ये, काम करते. बारा तासांची शिफ्ट, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा बनी सूट, फक्त डोळे उघडे. काचेसारख्या चकतीवर चढवलेल्या थरांची जाडी मोजणं हे माझं काम. केसाच्या आठ हजाराव्या भागाएवढा थर असतो आणि तो किती जाड आहे ते मी खात्रीनं सांगू शकते. समोर बसलेल्या मुलाच्या मनात काय आहे, त्याचा मात्र पहिला आकडाही हाती लागेना.

संध्याकाळी साडेसहाला मी घरी यायची, तेव्हा तो ओट्याशी काहीतरी चिरत असायचा आणि मी स्टुलावर बसून प्रश्न विचारायची. मला प्रश्न पुष्कळ पडतात. त्यानं सांगितलं की तिथे दुपारी साडेबाराला ऑफिसचे दिवे बंद होतात. सगळे जण टेबलाखालून घडीच्या खाटा काढून झोपतात, मॅनेजरसुद्धा. एकला दिवे लागतात आणि जणू काही झालंच नाही असं काम सुरू होतं. (तो इथेही साडेबाराला झोपायचा. अगदी अर्धा तास.) पाकीट तीन वर्षांत वापरलंच नाही, भाजीवालीसुद्धा पैसे घ्यायला फोनवरचा क्यूआर कोडचा चौकोन पुढे करते. आजारपणावर सगळ्यांचा एकच सल्ला — गरम पाणी पी. आपण अमेरिकन आहोत असं सांगितलं की टॅक्सीवाले आरशातून बघून म्हणत, हो, पण खरा कुठला? आणि इथे आलो की पहिला प्रश्न तोच असतो, तो हसत म्हणाला.

त्याची सूचौमधली घरमालकीण, शू आयी, त्याच मजल्यावर शेजारीच राहायची. तिकडे मावशीला आयी म्हणतात. हे ऐकून काकूंचा चेहरा जरा उतरला. "मावशीला आयी, तर मग आईला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. रोज जिन्यात भेटली की शू आयी जेवलास का म्हणून विचारायची. हे मात्र काकूंना पटलं.

तर, माझा गोंधळ. तो मला विचारायचा खूप काही. फॅबला सोडू का? सिनेमाला येतेस? हे पीच घेणार? मी सवयीनं म्हणायची, "अरे नको." आणि तो लगेच म्हणायचा, "ओके." तिथेच विषय संपायचा. त्या अमेरिकन ओकेनंतर दार असं लागायचं की मी ते परत कसं उघडू, तेच कळायचं नाही. पीच मला हवं होतं. सिनेमा तर फारच हवा होता.

तो केवळ शिष्टाचार म्हणून विचारत होता का? तसंही दिसत नव्हतं. मी बोलताना तो चिरणं थांबवायचा. माझ्या शिफ्टचं वेळापत्रक त्याला पाठ होतं. एकदा माझं टपाल त्यानं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं, देवळातला प्रसाद द्यावा तसं. मी दोन दिवस त्या दोन हातांचा विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यानं कचऱ्याची पिशवीही काकूंच्या हातात अगदी तशीच दिली. चीनमधली सवय, तो म्हणाला. म्हणजे माझं सगळं निरीक्षण केराच्या पेटीत.

माझी मैत्रीण रुही फोनवर म्हणाली, यार, तू सरळ विचार ना. मी म्हटलं, काय विचारू? तू मला पीच खरंच देत होतास का, हे?

मग तो मंगळवार आला. शुक्रवारला तीन दिवस उरले होते. मला सुट्टी होती आणि तो म्हणाला, पार्कातल्या तळ्यापर्यंत चालून येऊ. या वेळी मी काहीच बोलले नाही, नुसत्या चपला घातल्या.

तळ्याकाठी हवा जड झाली होती. पूर्वेला ढग भरून आलेले आणि त्यांच्याखाली पावसाच्या करड्या झालरी लोंबत होत्या. पण जमिनीपर्यंत एकही पोचत नव्हती. मधली हवा इतकी कोरडी की थेंब वाटेतच वाफ होऊन जातात. मी त्याला हे समजावून सांगायला लागले, तर तो हसला. तो इथलाच होता, लहानपणापासून हे बघत आलेला.

"मला वाटायचं, पाऊस खाली यायला लाजतो," तो म्हणाला.

आम्ही बाकावर बसलो होतो. आमच्यामध्ये त्याची पाण्याची बाटली होती. त्यानं ती उचलली, दुसऱ्या बाजूला ठेवली. मग परत मध्ये ठेवली.

"इला... मी इथली जागा घेतली तर तुला आवडेल का? म्हणजे — मी थांबू का?"

मला हो म्हणायचं होतं. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? "नको... अरे, माझ्यासाठी कशाला? तू तुझं करिअर बघ."

मी वाट बघत होते. तो आता म्हणेल, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. किंवा म्हणेल, खरं सांग. किंवा नुसतं परत विचारेल.

त्यानं त्या लोंबणाऱ्या पावसाकडे बघितलं.

"ओके," तो हळूच म्हणाला. "थँक्स. यू वेअर ऑनेस्ट."

परत येताना तो नेहमीसारखाच बोलत होता, फक्त माझ्यापासून एक फूट जास्त अंतरावरून चालत होता. मोजण्यात माझा अंदाज चुकत नाही. ते एक फूटच होतं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार माझी शिफ्ट. तिन्ही दिवस मी बनी सूटमध्ये होते आणि देवाची कृपा, माझे फक्त डोळेच दिसत होते. शुक्रवारी घरी आले तर काकू टीव्ही बंद करून टीव्हीसमोर बसल्या होत्या. आर्यनं सूचौच्या करारावर सही केली होती. कंपनीनं दोन वर्षं मागितली होती, त्यानं एकच मान्य केलं. रविवारचं विमान.

मी खोलीत गेले आणि पदकांकडे बघत बसले. त्यानं मला विचारलं होतं. मी नको म्हणाले होते. त्यानं ऐकलं होतं. यात चूक कुणाची आणि नेमकी कुठे, ते सापडेना. कारण प्रत्येक पायरी बरोबरच वाटत होती.

शनिवारी दुपारी काकूंनी थालीपिठं केली. तिघं टेबलाशी बसलो होतो आणि कुणालाच भूक नव्हती. माझं एक संपलं तशा काकू दुसरं घेऊन आल्या.

"काकू, नको. खरंच नको."

त्यांनी ते माझ्या ताटात टाकलं.

"बास हं, लोणी नको."

त्यांनी वर लोण्याचा गोळा ठेवला. मी खायला लागले.

आर्यचा घास हातात राहिला. "आई, ती नको म्हणाली. दोनदा म्हणाली."

"म्हणू दे की," काकू म्हणाल्या. "हात कुठे आडवा धरला तिनं ताटावर?"

आर्यनं माझ्या ताटाकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. मग घास खाली ठेवला. काकूंना बहुधा गॅसवर काहीतरी आठवलं. गॅस बंद होता, तरी त्या गेल्या. आणि तिथूनही पुढे, बाहेर अंगणात गेल्या.

मग तो बोलायला लागला. सूचौमधल्या पहिल्या महिन्यात त्याच्या एका सहकाऱ्याचे वडील गेटपाशी पावसात उभे होते. यानं विचारलं, स्कूटरवरून सोडू का? ते म्हणाले, गरज नाही. हा बरं म्हणून निघून गेला. ते दोन किलोमीटर भिजत चालत गेले आणि तो सहकारी आठवडाभर याच्याशी बोलला नाही. शेवटी शू आयीनं त्याला दारात उभं करून समजावलं. पहिल्यांदा नाही म्हणतात, कारण तुला त्रास द्यायचा नसतो. दुसऱ्यांदा म्हणतात, कारण तू मनापासून विचारतोस का ते बघायचं असतं. तिसऱ्यांदा विचारशील तेव्हा कळेल. तेव्हापासून तिथे तो सगळ्यांना तीनदा विचारत होता.

"आणि मला?" मी म्हणाले.

"तुला कसं विचारू? इथे ते चुकीचं आहे, इला. मुलीनं एकदा नो म्हटलं की नो. मी त्यावरच वाढलोय. आणि मला वाटलं तू इथली. इथे शिकलीस, इथे काम करतेस, फोनवर इंग्लिशमध्ये भांडतेस."

"आणि मला वाटलं तू काकूंचा मुलगा आहेस."

तो हसला, पण अर्धंच. थालीपिठावरचं लोणी वितळून ताटभर झालं होतं.

"त्या दिवशी तळ्यावर..." तो म्हणाला आणि थांबला. "हात आडवा होता का?"

मी मान हलवली. नाही.

"मी काल सही केली."

"माहीत आहे."

सही मागे घेता येणार नव्हती. तिथे त्याच्या भरवशावर चार जणांची टीम उभी राहणार होती आणि मीही त्याला मागे घे म्हणाले नाही. त्याऐवजी, काहीतरी बोलायला हवं म्हणून मी त्याला सांगितलं, की ॲरिझोनात घड्याळ मागेपुढे करत नाहीत आणि चीनमध्येही करत नाहीत. त्यामुळे आपल्यातला फरक उन्हाळा-हिवाळा पंधरा तासच राहील. एक मिनिटही वाढणार नाही.

"हे तू मला धीर द्यायला सांगतेस का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

रविवारी काकूंनी विमानतळावर यायचं टाळलं. गुडघा दुखतोय म्हणाल्या आणि त्याच गुडघ्यावर उभ्या राहून बॅगेत गोड्या मसाल्याची दोन पाकिटं कोंबली. एक त्याच्यासाठी, एक त्या आयीसाठी.

कारमध्ये पीच होती, दोन. त्यानं एक पुढे केलं आणि मी नको म्हणायच्या आत स्वतःलाच थांबवलं आणि घेतलं. रस माझ्या मनगटावरून ओघळला. तो खिडकीबाहेर बघत हसत होता.

मी टर्मिनलसमोर गाडी उभी केली. मागे गाड्यांची रांग होती आणि पिवळ्या जाकिटातली एक बाई शिट्टी वाजवून सगळ्यांना पुढे हाकत होती. त्यानं बॅगा उतरवल्या. आता तो काहीतरी विचारेल असं मला वाटलं, आणि मग लक्षात आलं की या खेपेला पाळी माझी आहे.

"मी येऊ का तिकडे?" मी म्हणाले. "नोव्हेंबरमध्ये. माझी सहा दिवसांची रजा शिल्लक आहे."

"नको," तो म्हणाला. "तू कशाला उगाच त्रास घेतेस?"

अर्धा सेकंद मला ते खरंच वाटलं. मग त्याच्या ओठांचा कोपरा हलताना दिसला.

"आर्य. येऊ का?"

"छे... किती लांबचा प्रवास. आणि तिथे काय, नुसतं गरम पाणी मिळेल."

शिट्टी वाजली. पिवळ्या जाकिटातली बाई आमच्याच दिशेनं येत होती. मी त्याच्या हातांकडे बघितलं. एक बॅगेवर होता, एक मोकळा. आडवा कुठलाच नव्हता.

"मी येऊ?"

त्यानं बॅग सोडली. ती कलंडून पडली, त्यानं बघितलंही नाही.

"ये," तो म्हणाला. "प्लीज, ये."

आणि त्यानं माझा हात धरला, पीचच्या रसानं चिकट झालेला. दोन्ही हातांनी धरला. ती सवय होती की आणखी काही, मी अजूनही नक्की सांगू शकत नाही. पण शिट्टी दुसऱ्यांदा वाजली, मग तिसऱ्यांदा वाजली, तोवर त्यानं तो सोडला नव्हता.