बेचाळिसावा भाग

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी जेवढं डोळ्यांनी बघितलं आणि घरच्यांकडून ऐकलं तेवढंच सांगतोय, पदरचं काही घालत नाही. गोष्ट माझ्या चुलतभावाची, रोहिदासची. यंदाच्या फेब्रुवारीतली. गाव दौंड तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

दीड वाजताची.

रोहिदास कुरकुंभला कंपनीत आहे. फावल्या वेळात त्याचं एक खूळ, बंद पडलेल्या मराठी मालिकांवर व्हिडिओ करायचे. चाललेल्या मालिकांचं कौतुक सगळेच करतात, आपटलेल्यांना कोण विचारतं, असं त्याचं म्हणणं. एका मालिकेत नायिका जिना चढत होती आणि टीआरपी पडला म्हणून मालिकाच बंद केली. ती बाई अजून जिन्यातच उभी असेल, असं रोहिदास म्हणाला आणि लोक हसून लोळले. मीही हसलो होतो.

त्याच्या मनात मात्र एकच मालिका घर करून होती. 'पैलकाठची सून'. वीस वर्षांपूर्वी ती आमच्याच गावात शूट झाली. दुपारी दीडला लागायची. एक्केचाळीस भाग झाले आणि चॅनेलने गाशा गुंडाळायला लावला.

रोहिदासचे वडील तो तान्हा असतानाच गेले. त्याची आई, सिंधूकाकू, तेव्हा शूटिंगवाल्यांना भाकरी करून द्यायची. शेवटच्या दिवशी मालिकेतल्या सासूचा दहावा घ्यायचा होता. सासूचं काम करणारी बाई अडून बसली, माझ्या फोटोला हार घालाल तर याद राखा म्हणाली. मग कुणीतरी सिंधूकाकूचा दौंडच्या स्टुडिओतला फोटो मागून आणला आणि हार त्यालाच घातला.

जित्या बाईच्या फोटोला.

दशक्रियेला बसवलेले गुरुजी गावातले, खरेखुरे. त्यांना कुठला अभिनय येणार? समोर फोटो सिंधूकाकूचा, म्हणून विधीत नावही तिचंच घेतलं. पिंड ठेवले. सगळे उन्हात कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळा काही शिवेना. तेवढ्यात मुंबईहून फोन आला, मालिका बंद. अर्ध्या तासात गाड्या भरून मंडळी गेलीसुद्धा. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात, तेवढंही कुणी केलं नाही.

आमच्याकडे ही गोष्ट हसत सांगितली जायची.

फेब्रुवारीत रोहिदासने पेजवर विचारलं, या मालिकेचं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे का. चौथ्या दिवशी, बरोबर दीड वाजता, मेसेज आला. पाठवणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही. नुसता एक व्हिडिओ. आणि खाली...

भाग ४२.

जो भाग कधी झालाच नाही.

पहिला संशय सत्यजीतवर. सत्यजीत शिरूरचा, रोहिदासचे व्हिडिओ एडिट करून देणारा आणि पक्का चेष्टेखोर. आजकाल एआयवर कुणाचंही तोंड कुणालाही लावता येतं. रोहिदासने व्हिडिओ उघडलासुद्धा नाही, मला गाडीवर घेऊन तडक शिरूर गाठलं. सत्यजीतने पोरांची शपथ घेतली. उलट तूच बनवून मला येड्यात काढतोयस, असं तोच म्हणायला लागला. दोघांची जुंपायचीच बाकी होती.

शेवटी तिघांनी मिळून व्हिडिओ लावला.

नदीचा घाट. पिंड. हार घातलेला फोटो. पाठमोरी उभी असलेली माणसं.

आवाज नव्हता. वाऱ्याचा नाही, पाण्याचा नाही.

"ह्यो आपला नवा घाट हाय," रोहिदास हळूच म्हणाला.

खरंच होतं. सिमेंटच्या पायऱ्या, लोखंडी कठडा. हा घाट होऊन चारच वर्षं झालीत.

फोटो सिंधूकाकूचाच होता. पण स्टुडिओतला नव्हता... त्यातले केस पांढरे होते.

मग कॅमेरा माणसांच्या पुढे आला. पहिलाच माणूस, डोकं भादरलेला...

रोहिदास.

सत्यजीत खुर्चीतून उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. हे सोंग असेल तर गडी फार मोठा नट आहे, असं मला वाटलं. तरी माझा संशय पुरता जात नव्हता.

व्हिडिओत रोहिदासच्या शेजारी हर्षदा होती. हर्षदा शिरूरचीच, रोहिदासशी सोयरीक जमलेली, लग्न मे महिन्यात धरलेलं. तिथं मात्र तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. तिने हात जोडले आणि...

हातावरची मेंदी अजून लालभडक होती.

म्हणजे लग्नाला पंधरा दिवसही झाले नव्हते. आणि घाटावर सिंधूकाकूचा दहावा चालला होता.

कावळा शिवत नव्हता. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की शिवत नाही, मग आपल्यातला कुणीतरी पुढे होऊन शब्द देतो. तसाच एक जण पुढे झाला. व्हिडिओत पहिल्यांदा आवाज आला.

"काकू, रोहिदासचं लगीन झालं. आता मागं बघू नका."

आवाज माझा होता.

माणूसही मीच होतो.

पंखांची फडफड ऐकू आली... आणि पडदा काळा झाला.

परत लावायला गेलो तर मेसेजही नव्हता आणि पाठवणाराही नव्हता.

आठ दिवसांनी रोहिदासने हर्षदाच्या घरी फोन केला. लग्न नको म्हणाला. कारण काही सांगेना. जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कंपनीतली दुसरी पोरगी आहे म्हणे, काही दुखणं लपवलंय म्हणे. हर्षदाने मलाच फोन करून विचारलं. मी खोटं बोललो. तिला ते कळलंही. त्याची मला अजून लाज वाटते.

सिंधूकाकूने अन्न टाकलं. एका दुपारी तिने आम्हा दोघांना पडवीत बसवलं आणि लग्न का मोडलं ते विचारलं.  रोहिदासनेच उलट विचारलं, त्या शूटिंगच्या दिवशी गुरुजींनी तुझं नाव घेतलं, ते तुला ऐकू आलं होतं का?

"आलं की. मागंच हुबी व्हते मी," काकू म्हणाली. "पर चाळीस माणसं उन्हात खोळंबलेली. मधीच कशाला बोलायचं?"

तिने पदराने तोंड पुसलं. मग...

"भ्याले मातर लई. तू आठ वर्साचा, तुला दुसरं कोण व्हतं? मनातल्या मनात म्हणलं, नाव घेतलंच हाय तर येते मी. पर पोराचं लगीन तेवढं बघू दे. तवर कावळा खाली उतरू देऊ नको. आन् तेवढ्यात त्यो फोन आला बघ."

रोहिदासला रडू आवरेना. मला लग्नच करायचं नाही, एवढंच तो परत परत म्हणत होता. काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दिल्या शब्दाला मागं सरू नाय, बाळा," ती म्हणाली.

गेल्या सोमवारी सिंधूकाकू एकटीच एसटीने शिरूरला गेली. हर्षदाच्या वडलांच्या पाया पडली, पोराची चूक पदरात घ्या म्हणाली आणि तीच मे महिन्यातली तारीख पुन्हा नक्की करून आली. रोहिदासला विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी माझ्या दारात आली. हातावर पेढा ठेवला. खूप दिवसांनी तिचा चेहरा हसरा दिसला.

"लग्नाला ये," म्हणाली. "आन् त्याच्यानंतर पंधरा दिस... गाव सोडून कुठं जाऊ नगंस. तू लागशील."

व्हिडिओबद्दल तिला आम्ही आजपर्यंत एका शब्दानं सांगितलेलं नाही.