सतराव्या खलाशाची हजेरी

शटर खाली ओढलंय, आता गिऱ्हाईक यायचं नाही. सांगतो. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या, मधे नको.

तीन वर्षं झाली. नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. संध्याकाळी सहाला मी धक्क्यावरच्या जुन्या गोदामात दोरखंड पोचवायला गेलो. आपलं दुकान जुन्या जहाजांच्या सामानाचं, कोण काय मागेल नेम नाही. एकानं तर नांगर नेला होता, मेव्हण्याची गाडी आपल्या दारात लागू नये म्हणून आडवा टाकायला. असो. या खेपेचं गिऱ्हाईक आपल्या गल्लीतलीच मुलगी. मांडणशिल्पं करायची, बाहेरच्या देशांत नाव होतं. गल्लीत तिला ‘मांडणीवाली’ म्हणत. तिची आई म्हणायची, “घरात चार भांडी मांडता येत नाहीत, जगाला मांडून दाखवते!”

गोदामात एकतीस पत्र्याच्या ट्रंका दोरांनी टांगलेल्या, जमिनीपासून वीतभर वर. एकेक ट्रंक एकेका खलाशाची. हे एकतीसजण त्याच्या एक्काहत्तर वर्षं आधी एका जहाजावर चढून परमुलखात निघाले. जहाज बुडालं. भरपाई द्यायला नको म्हणून कंपनीनं घरोघरी पत्र धाडलं: तुमचा माणूस वाटेतल्या बंदरात पळून गेला. एकतीस घरांना एकच मजकूर! हरामखोरांनी शब्द बदलायचीही तसदी घेतली नाही. त्यातला सतरावा, मांडणीवालीचा आजोबा. तिची आई तेव्हा पोटात होती. जन्मभर ‘पळपुट्याची पोर’ हे ऐकत वाढली आणि बापाला शिव्या घालत म्हातारी झाली.

मग माझ्याच रद्दीत त्या जहाजाच्या हजेरीची वही निघाली. शेवटच्या बंदरात उतरवलेली प्रत. कंपनी ज्या तारखेला पळाले म्हणते, त्यानंतर चार दिवसांनी एकतीसच्या एकतीस हजर. पोरगी वही घेऊन आईकडे धावली. आईनं वहीला हातसुद्धा लावला नाही.

“कंपनीनंही कागदच पाठवला होता,” म्हणाली. “बाप स्वतःच्या तोंडानं सांगेल, तेव्हा मानीन.”

म्हणून हे सगळं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडणार होतं, आई येणार होती. एका म्हाताऱ्या सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, आवाजात ती हजेरी ध्वनिमुद्रित केलेली. एक नाव, मग तीन सेकंद शांतता. पुढचं नाव. एकतीस झाले की पुन्हा पहिल्यापासून. नावं मी आत्ता घेणार नाही, रात्र आहे.

मी दोर उतरवत होतो तेव्हा सारंग तिथंच स्टुलावर बसून ऐकत होता. एकदम उठला.

“शेवटचं ‘मोकळे’ कुठं गेलं?”

“काढलं, बाबा. त्यानं संपल्यासारखं वाटत होतं. मला न संपणारी हजेरी हवी आहे.”

“अगं, अक्कल गहाण टाकलीस का? हजेरी झाली की सारंगानं ‘मोकळे’ म्हणायचं असतं. तोवर खलाशी जागचा हलत नाही, पायाखाली आग लागली तरी! तीन दिवस नावं घेतेस आणि सोडत नाहीस?”

“बाबा, ही कला आहे.”

“ही मस्ती आहे,” म्हातारा म्हणाला, काठी आपटत निघून गेला. त्याच्यामागून मीही निघालो. खरं सांगतो, मनात मीही हसलो होतो.

पुढचं तिनं मला दुसऱ्या दिवशी पहाटे सांगितलं. तुम्ही बसलाय त्याच बाकावर बसून.

रात्री बाराला दहा कमी. गोदामात ती एकटी. ट्रंकांची उंची जुळवत होती. आवाज चालू. पहिलं नाव झालं. शांतता. आणि त्या शांततेत कोणीतरी म्हणालं...

“हाजर.”

तिला वाटलं, स्पीकर घुमतोय. दुसरं नाव. “हाजर.” वेगळा गळा. तिसरं. चौथं. तिनं धावत जाऊन वायर उपटली.

सारंगाचा आवाज बंद झाला.

उत्तरं नाही झाली.

“हाजर...” तीन सेकंद. “हाजर...” आता जवळून. दमलेले आवाज नव्हते ते, पोरांनो. चिडलेले होते. दात आवळून बोलावं तसे. ट्रंका हलायला लागल्या. वारा नव्हता.

ती मोजत होती. चौदा... पंधरा... सोळा...

“हाजर.”

सतरावा. तिनं तो आवाज कधी ऐकला नव्हता. पण आईचाच गळा. तीच घोगरी धार...

पळायचं सोडून तिनं फोन काढला. आईला ऐकवायला. फोनमधे काही उमटेना. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सतरा. पुन्हा फोन कोराच. असे जवळजवळ तीन तास ती...

पावणेतीनला दार धाडकन उघडलं. सारंग. अनवाणी.

“झोपू देतील का मला!” म्हातारा भुतांवर नाही, तिच्यावर ओरडला. “माणसं उभी आहेत!”

“बाबा, एकदाच. आईला घेऊन येते. तिनं एकदा ऐकलं की...”

“तुझ्या एका आजोबासाठी तीस जणांना उभं ठेवतेस? मग तुझ्यात नि त्या कंपनीत फरक काय गं?”

सारंगानं छाती भरून आरोळी दिली, “मोकळे!”

पावलं. समुद्राच्या दाराकडे. एकामागून एक... मग शांत.

एक ट्रंक मात्र हलत होती. सतरावी.

“सतरा नंबर, मोकळे!”

पावलं वाजली. पण समुद्राकडे नाही. गावाकडे.

सारंग हळूच म्हणाला, “ह्याला माझा हुकूम चालत नाही.”

तीन वाजून दहा मिनिटांनी दोन गल्ल्या पलीकडे तिच्या आईच्या दारावर थाप पडली.

“कोण?”

“हाजर.”

म्हातारी उठली. दाराशी गेली. आणि वरची कडीही घातली.

“एक्काहत्तर वर्षं!” तिचं ओरडणं शेजारच्यांनी ऐकलंय, माझ्या घरच्यांनी ऐकलंय. “माझी आई तुझी वाट बघत मेली! आता हजर होतोस?”

ती दाराला पाठ लावून उजाडेपर्यंत बसून राहिली.

सकाळी लेक आली, सांगायला लागली. आईनं हात वर करून थांबवलं.

“कळलंय. पळाला नव्हता. मग इतकी वर्षं त्याला घातलेल्या शिव्या आता कुठं नेऊन टाकू?”

कंपनीच्या नावानं तिनं जे तोंड सोडलं, ते मी तुमच्यापुढं बोलणार नाही. प्रदर्शन झालंच नाही. ट्रंका लेकीनं स्वतः उतरवल्या. सारंग म्हातारीला समजवायला गेला, “ताई, एक शब्द टाका. तुमच्या तोंडून जाईल तो.”

म्हातारी म्हणाली, “टाकीन. माझं अजून भांडून झालं नाही.”

तेव्हापासून तिच्या दारावर बाहेरून, उंच माणसाचं कपाळ टेकेल तिथं, मीठ फुटतं. खरवडलं, धुतलं. मग रंगवलं. होडीच्या बुडाला लावतात तो रंग, मीच देतो. खाऱ्या पाण्यात दहा वर्षं हलत नाही. काल चौथा डबा पोचवायला गेलो. दार वरपासून खालपर्यंत खडखडीत कोरडं होतं. तेवढी कपाळाची जागाच ओली. हात लावून बघितला...

गरम होती.