टिटवी गप्प का झाली?

टिटवी बोलेनाशी झाली होती, आणि गंमत म्हणजे तिला काहीही झालेलं नव्हतं!

टिटवी म्हणजे सातवीच्या मुलांचा तरंगणारा रोबो. शाळेमागच्या खाडीत राहून ती पाण्याची उंची आणि खारटपणा मोजायची आणि वर्गातल्या पडद्यावर निरोप पाठवायची. गटप्रमुख चार्वीने बॅटरी तपासली, संवेदक (खारटपणा ओळखणारा भाग) तपासला. सगळं ठणठणीत! त्यातच गटातल्या नफीसाने सरांना सांगितलं, "माझं नाव गटातून काढा." एक संकट कमी होतं म्हणून! चार्वी पार वैतागली.

शेवटी तिने टिटवी बनवणाऱ्या नीलांबरीताईंना गाठलं.

"निरोप आला की 'पोचला' हे बटण दाबता ना?" ताईंनी विचारलं.

"नाही. निरोप समोर दिसतोय की! मग बटण कशाला?"

ताई हसल्या. "तुम्हाला दिसतोय गं, पण टिटवीला कसं कळणार? निरोप मिळाल्याचं उलट कळवणं म्हणजे पोच. पोच आली नाही की ती तोच निरोप पुन्हा पाठवते. तरीही बरेच दिवस कुणी दाद देईना, की मौनात जाते (वीज वाचवायला निरोप पाठवणं थांबवते)."

"म्हणजे ती बिघडली नाही?"

"छे! शहाण्यासारखी वागली. आता पोच पाठव, होईल सुरू. पण कोणता निरोप मिळाला, त्याचा क्रमांकही कळव. नुसतं 'मिळालं' म्हटलं तर तिला काय बोध होणार?"

चार्वीने पोच पाठवली. पडद्यावर आकडे उमटले आणि वर्गात एकच जल्लोष झाला. चार्वीचं लक्ष मात्र दाराजवळच्या फळ्याकडे गेलं. टिटवीच्या रुक्ष आकड्यांवरून नफीसा रोज तिथे खाडीचं चित्र काढायची. सगळे ते बघूनच वर्गात शिरायचे. सोमवारपासून फळा कोरा होता, आणि ते आत्ता कुठे चार्वीच्या ध्यानात आलं! तिला स्वतःचीच लाज वाटली.

मधल्या सुट्टीत ती नफीसाशेजारी जाऊन बसली.

"तुझी चित्रं छान असतात हं."

"हं," नफीसा डब्यातून मान वर न काढता म्हणाली.

चार्वी गडबडली. नुसतं 'छान' म्हणजे बिनक्रमांकाची पोच! ती आठवून आठवून बोलू लागली, "गेल्या बुधवारी तू कांदळवनाची मुळं अर्धी निळी, अर्धी तपकिरी रंगवली होतीस. आकडे वाचून माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. भरतीचं पाणी कुठवर चढतं, ते मला त्या मुळांवरून कळलं."

नफीसाचा घास हातातच राहिला. "तू बघितलं होतंस?"

"रोज बघायचे. सांगितलं मात्र एकदाही नाही. चुकलंच माझं."

नफीसा डबा चार्वीकडे सरकवत म्हणाली, "त्या मुळांवर कालवं असतात ना, चिकटून बसणारे शिंपले, ती हल्ली पूर्वीपेक्षा वर धरायला लागलीत. खाडीचं पाणी वाढतंय की काय, कोण जाणे! पण कुणाला सांगणार?"

"मला सांग! खरं आहे का, ते टिटवीकडून मोजून घेऊ."

नफीसाने हातातला घास खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.