दीपकच्या पिंपातलं खाद्य

"विहिरीवर नंतर जाऊ. आधी भुऱ्याला उठव," छकुली म्हणाली.

बारामतीहून सुट्टीला आलेला तिचा आतेभाऊ रविराज टॉवेल घेऊन निघालाच होता. त्यानं शीळ घातली. भुऱ्यानं पुढचे पाय रोवले. मागचे दोन्ही ओल्या पोत्यासारखे पडून राहिले.

वरकुट्याच्या माळावर लांडगे फिरतात. या कुत्र्याशिवाय छकुलीचे आजोबा मानसिंगआबा शेळ्या सोडत नसत.

"साप चावला असंल," आबा म्हणाले आणि कडुलिंबाचा पाला वाटू लागले.

"शेजारच्या म्हस्कूकाकांचं कुत्रंही असंच पडलंय," रविराज म्हणाला. "एकच साप दोन घरं फिरला?"

छकुलीनं भुऱ्याच्या वाटीकडं पाहिलं. या घरात पहिली भाकरी कुत्र्याची. पण शहरातली कुत्री विकतचं खातात, असं रविराजनं सांगितलं आणि आठ दिवसांपूर्वी तिनं भाकरी बंद केली. दीपकच्या दुकानातून सुट्टं खाद्य आणलं. म्हस्कूकाकांनीही तेच नेलं होतं.

दोघं सायकलवर जनावरांच्या डॉक्टर वैष्णवीताईंकडे गेले. दोन्ही कुत्र्यांनी एकच खाद्य खाल्लं हे ऐकून ताई म्हणाल्या, "त्यात काय मिसळलंय ते आधी कळायला हवं."

"दीपकमामाला सरळ विचारलं तर तो सांगायचा न्हाय," छकुली म्हणाली.

"मग वाकडं विचारू."

ताई दुकानाच्या भिंतीआड थांबल्या.

"मामा, कोंबड्यांचं खाद्य द्या," छकुली म्हणाली.

"संपलं."

"मग कुत्र्याचं चालंल का कोंबड्यांना?"

"न चालायला काय झालं?" दीपक हसला. "निम्मं कोंबड्यांचंच हाय त्यात. पोल्ट्री बंद पडली, चार पोती उरली. दिली पिंपात मिसळून."

ताई पुढं आल्या. "त्या खाद्यात रोगावरचं औषध असतं, दीपक. कोंबडी पचवते. कुत्र्याचे स्नायू जळतात."

"कुत्रं तर उकिरड्यावरचंबी खातं की, ताई," दीपक म्हणाला. पण पिंपाचं झाकण त्याच्या हातातच राहिलं.

ताईंनी नमुना घेतला, पिंपाला सील लावलं. मग घरी येऊन भुऱ्याला तपासून त्या म्हणाल्या, "जगेल. पायांचं सांगता येत नाही."

संध्याकाळी सरपंचांनी पोरांची पाठ थोपटली. "बाकीची कुत्री वाचवलीत." सगळे हसले. छकुली हसली नाही.

"आबा, वाटी मीच भरत होते."

"मी बघत होतो की. मला तरी कुठं विचारावंसं वाटलं?" आबा म्हणाले. "पोरांनो, तुमी शोधून तरी काढलंत. मी पाला वाटत बसलो."

सकाळी शेळ्या बाहेर पडल्या. भुऱ्या पुढच्या पायांवर फरफटत फाटकापर्यंत आला आणि माळाकडं तोंड करून भुंकायला लागला.

आबांनी शेळ्या परत आत घेतल्या.